सलाईनची बाटली आणि थकलेला खेळाडू

२०१८ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेचे जलतरणपटू रायन लॉक्टी यांच्यावर चौदा महिन्यांची बंदी जाहीर झाली. ऑलिंपिकमध्ये बारा पदके मिळवलेल्या या खेळाडूने कोणतेही निषिद्ध औषध घेतलेले नव्हते. एका खासगी केंद्रात जाऊन त्यांनी शिरेतून एक द्रावण घेतले होते आणि ते घेतानाचे छायाचित्र स्वतःच समाजमाध्यमावर टाकले होते. द्रावणातले पदार्थ नियमात बसणारे होते, पण त्याचे प्रमाण नियमात बसणारे नव्हते. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी असे कारण नसेल, तर बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून घ्यायला खेळाडूंना मनाई आहे.

आपल्याला ही बाटली अनोळखी नाही. "फार अशक्तपणा आलाय डॉक्टर, एक सलाईन लावा," हे वाक्य आपल्याकडच्या दवाखान्यांत नेहमी ऐकू येते. आता तिला नवे रूप मिळाले आहे. मीठपाण्यात ब गटातली जीवनसत्त्वे, क जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घालून 'व्यायामानंतर झटपट ताजेतवाने व्हा' अशी जाहिरात केली जाते. शालेय स्पर्धांसाठी किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी आपली मुलेही ही जाहिरात पाहतात. "सर, सलाईन लावलं तर उद्या जास्त पळता येईल का?" असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर आपण काय सांगू? 'लावू नकोस' एवढे उत्तर पुरेसे नाही. का नको, हेही सांगता यायला हवे. त्यासाठी घाम, आतडे आणि स्नायू या तीन ठिकाणी काय घडते ते पाहू.

घामातून काय जाते?

साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असते. त्यातले सुमारे २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या १२ लिटरपैकी रक्तातला द्रव भाग जेमतेम ३ लिटरचा असतो.

जोरदार व्यायाम करताना तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. घाम खारट लागतो हे खरे, पण तो रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो. त्यामुळे घाम गेला की शरीरातून मिठाच्या मानाने पाणी अधिक जाते आणि उरलेले रक्त थोडे दाट होते. रक्ताची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतल्या विशिष्ट पेशींना ते कळते. मग तहान लागते, आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप जातो. लघवी गडद पिवळी होते ती त्यामुळे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेले की दमछाक लवकर होते, विशेषतः उन्हात.

तेव्हा व्यायामानंतर पाणी आणि थोडे मीठ परत मिळायला हवे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो वाटेचा. तोंडावाटे की शिरेतून?

बाटलीत किती आणि काय?

साध्या सलाईनमध्ये एका लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असते. हा आकडा सहज ठरलेला नाही. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात आणि फार खारट पाण्यात टाकल्या तर आकसतात. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात त्या जशाच्या तशा राहतात. प्रयोगशाळेत आम्ही पेशी ज्या द्रावणात ठेवतो, तेही असेच मोजूनमापून केलेले असते.

अर्ध्या लिटरच्या बाटलीत म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ, चहाच्या चमच्याने जवळपास एक चमचा. हे द्रावण शिरेतून गेले तरी ते सगळे रक्तात राहत नाही. तास-दीड तासात त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग रक्तवाहिन्यांबाहेर, पेशींभोवतीच्या द्रवात जातो. रक्तात उरते ते साधारण सव्वाशे मिलिलिटर.

बाटली ग्लुकोजची असेल तर? नेहमीच्या पाच टक्के द्रावणाच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असते. एका मोठ्या केळ्यातून मिळणारी पिष्टमय पदार्थांची आणि साखरेची बेरीज जवळपास तेवढीच भरते. केळ्यात पोटॅशियमही मिळते आणि सुई टोचावी लागत नाही.

आतड्याचे दार

शिरेतून मीठपाणी देण्याची कल्पना पटकीच्या साथीत जन्मली. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवून दिले. पुढे हेच ओशॉनेसी कोलकात्यास आले आणि भारतातल्या तारायंत्राच्या उभारणीसाठी ओळखले गेले. त्यांच्या निष्कर्षावरून १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा यांनी मरणासन्न रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडून पाहिले. काही रोगी खरोखर उठून बसले. सलाईनची कीर्ती तिथून सुरू होते, आणि ती रास्तच आहे. पटकीच्या रोग्याला तासाला लिटरभर जुलाब होऊ शकतात आणि उलट्यांमुळे तोंडावाटे दिलेले पोटात ठरत नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी लोकांना माहीत असतो. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी असे मांडले, की लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेतात. पेशीच्या पटलावर एक प्रथिन असते. ते फिरत्या दारासारखे काम करते, पण एकट्या ग्लुकोजला आत सोडत नाही, सोबत सोडियम असावे लागते. हे दोन्ही आत गेले की परासरणाने पाणी त्यांच्यामागून जाते. चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातलेले पाणी अधिक चांगले शोषले जाते, त्याचे कारण हे दार.

१९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. बनगाव येथील शिबिरात पटकी पसरली आणि सलाईनचा साठा अपुरा पडू लागला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना तोंडावाटे द्यायचे ठरवले. ते पाजण्याचे काम नातेवाईकच करीत. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली महालनबीस यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आता आपल्या धावपटूकडे वळू. पटकीने ग्रासलेल्या आतड्यातूनही हे पाणी शोषले जात असेल, तर धडधाकट मुलाच्या आतड्याला बगल देऊन शिरेत सुई खुपसण्याचे कारण काय उरते?

'झटपट' म्हणजे किती झटपट?

शिरेतून दिलेले थेट रक्तात जाते, म्हणून ते जलद, असे वाटणे साहजिक आहे. हे मोजता येते. साध्या पाण्यात जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचा थोडा अंश मिसळला, की प्यायलेल्या पाण्याचा माग रक्तात काढता येतो. अशा प्रयोगात ३०० मिलिलिटर पाणी प्यायल्यावर पाच मिनिटांतच त्याची खूण रक्तात दिसू लागली. निम्मे पाणी अकरा ते तेरा मिनिटांत शोषले गेले. दवाखान्यात जाऊन नंबर लागेपर्यंत ते शरीरभर पोहोचलेलेही असते!

दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांत स्वयंसेवकांना उष्ण हवेत व्यायाम करायला लावून त्यांच्या वजनातले तीन-चार टक्के पाणी कमी केले. मग तितकाच द्रव काहींना तोंडावाटे आणि काहींना शिरेतून दिला आणि पुन्हा व्यायाम करायला लावला. टिकून राहण्याच्या क्षमतेत शिरेतून घेणाऱ्यांना म्हणण्याजोगा फायदा झाला नाही. उलट तोंडावाटे पिणाऱ्यांना तहान कमी जाणवली आणि व्यायाम कमी जड वाटला. पाणी तोंडातून आणि घशातून जाताना मेंदूला त्याची वर्दी मिळते. ती वर्दी बाटलीतून येत नाही.

थकवा खरा कुठे असतो?

या विषयाचे मर्म आमच्या मते इथे आहे. व्यायामानंतर शरीर पूर्ववत व्हायला वेळ लागतो तो पाण्यामुळे नाही. पाणी काही तासांत भरून निघते. वेळ लागतो तो दोन कामांना, आणि ती दोन्ही स्नायूंच्या आत चालतात.

पहिले काम इंधनाचे. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ३०० ते ५०० ग्रॅम साठा असतो. लांबच्या पल्ल्याच्या धावण्यात तो संपत येतो. रक्तात कितीही ग्लुकोज ओतले तरी स्नायूंतली विकरे आपल्याच गतीने ग्लायकोजेन तयार करतात. तासाला सुमारे पाच टक्के, म्हणजे पूर्ण भरायला वीस-चोवीस तास. त्यासाठी भात, भाकरी, केळी, बटाटे असे अन्न दिवसभर लागते. बाटलीतल्या २५ ग्रॅमने काय होणार?

दुसरे काम डागडुजीचे. नेहमीपेक्षा जास्त किंवा वेगळा व्यायाम केला, विशेषतः उतारावर धावलो, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते. थिओडोर हाऊ या संशोधकाने १९०२ सालीच सुचवले होते, की हे दुखणे स्नायूंत झालेल्या इजेमुळे असावे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर स्नायूतंतूंची रचना जागोजागी विस्कटलेली दिसते. ती दुरुस्त करायला प्रथिने लागतात, झोप लागते आणि दोन-चार दिवस लागतात. लॅक्टिक आम्लाला यात विनाकारण दोष दिला जातो. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात पूर्वपदाला येते, म्हणजे अंग दुखू लागण्याच्या कितीतरी आधी.

मग 'शरीरातली विषारी द्रव्ये धुऊन निघतात' या दाव्याचे काय? आपली मूत्रपिंडे दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात, दिवसाला १८० लिटर. अर्ध्या लिटरच्या बाटलीएवढे गाळण्याचे काम त्यांना चार मिनिटांचे आहे. त्यांना बाहेरून धुण्याची मदत नको असते.

जीवनसत्त्वांचेही तसेच. दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पोटात गेले की रक्त आणि पेशी जवळपास भरून जातात. त्यावर घातलेले बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते. शंभर ग्रॅम पेरूतून एवढे मिळून जाते. ब गटातले रायबोफ्लेविन जास्त झाले की लघवी भडक पिवळी होते. बाटलीवर खर्च केलेले पैसे कुठे गेले, ते असे डोळ्यांना दिसते. शिवाय अधिक म्हणजे अधिक चांगले असेही नाही. २००९ साली जर्मन संशोधकांनी दाखवले, की रोज क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना व्यायामाचा एक महत्त्वाचा लाभ मिळाला नाही. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद व्यायामाने सुधारतो, तो त्यांच्यात सुधारला नाही. व्यायामात तयार होणारी काही ऑक्सिडीकारक द्रव्ये स्नायूंना 'आता बळकट व्हा' असा निरोप देतात, तोच बहुधा पुसला गेला.

मग लोकांना बरे का वाटते?

बरे वाटते हे खोटे नाही. शर्यतीची रेषा ओलांडून एकदम थांबलेला धावपटू कधी कधी कोसळतो. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून पायातले रक्त हृदयाकडे ढकलत असतात. धावणे एकाएकी थांबले की हा पंप थांबतो, रक्त पायात साठते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला आडवे करून पाय उंच ठेवले तर बहुतेकदा काही मिनिटांत तो सावरतो. आता त्याला आडवे करून वर सलाईनही लावले, तर श्रेय कोणाला मिळेल?

थकलेल्या माणसाला सावलीत, पंख्याखाली तासभर निजवून ठेवणे हाच मोठा उपचार आहे. बाटली त्याला सक्तीने निजवते. मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न घालता येईल. विश्रांतीचा परिणाम आणि बाटलीचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर प्रयोगाची आखणी कशी कराल? किती गट कराल, आणि कोणाला काय मिळाले हे कोणापासून लपवाल?

धोके आणि नियम

गरज नसताना टोचलेल्या सुईचे धोके गरजेच्या सुईइतकेच असतात. शीर सुजणे आणि जंतुसंसर्ग होणे हे त्यातले नेहमीचे. मॅग्नेशियम शिरेतून वेगाने गेले तर रक्तदाब एकदम खाली येतो. तोंडावाटे जास्त झाले तर उलटी किंवा जुलाब होऊन शरीर ते परतवते. शिरेतून आलेल्याला मात्र हे पहारे लागत नाहीत.

आणखी एक धोका फसवा आहे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. ते घामाच्या मानाने फार पाणी प्यायले होते. सोडियम फार कमी झाले तर पाणी पेशींत शिरते, मेंदूला सूज येते आणि माणूस गोंधळतो, बेशुद्ध होतो. पाणी कमी पडलेला आणि पाणी जास्त झालेला, दोघेही वरून सारखेच दिसू शकतात. पण उपचार उलटे आहेत. रक्त न तपासता, 'दमलाय, लावा सलाईन' म्हणणे जिवावर बेतू शकते ते असे.

खेळातल्या बंदीमागे वेगळे कारण आहे. शिरेतून भरपूर द्रव घेतला की रक्त पातळ होते आणि रक्तातल्या काही घटकांत केलेली लबाडी चाचणीत लपू शकते. कुस्तीत याला आणखी एक पदर आहे. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडायचे, घाम काढायचा आणि वजन झाल्यावर ते भरून काढायचे, ही वाईट प्रथा जगभर आहे. १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना मरण पावले. 'नंतर भरून काढू' हा भरवसा मुळात पाणी तोडण्याला धीर देतो. आपल्या तालमींतल्या मुलांनाही हे माहीत असायला हवे. मनाईचा हा नियम भारतातल्या स्पर्धकांनाही लागू आहे.

सलाईन कधी लागते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपली असेल, व्यायामानंतर लघवी काळपट तपकिरी होत असेल, तर रुग्णालय गाठायला क्षणाचाही विलंब नको. उन्हात खेळणारे मूल बरळू लागले आणि अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा. अंग थंड करणे हे पहिले काम आहे.

शाळेत करता येण्याजोगे

सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, मुलांची वजने घ्या. मधल्या वेळात प्यायलेले पाणी हिशेबात धरा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव थोडा थोडा घेत, जेवणासोबत भरून काढावा. वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले असे समजा. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. कडक उन्हात सराव लांबला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा, हवे तर लिंबू पिळा. हे चमचे चहाचेच घ्या.

परासरण दाखवायला बटाट्याच्या सारख्या फोडी कापा, त्यांचे वजन करा आणि वेगवेगळ्या तीव्रतेच्या मीठपाण्यात तासभर ठेवा. कोणत्या पाण्यात वजन वाढले, कोणत्या पाण्यात घटले आणि कोणत्या तीव्रतेला ते जवळपास तसेच राहिले, हे मुलांनी आलेखावर काढावे. सलाईनमध्ये मीठ नऊच ग्रॅम का, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणि भरतीच्या तयारीतला मुलगा पुन्हा विचारायला आला, तर त्याला विचारावे, काल रात्री किती वाजता झोपलास आणि सकाळी पळून आल्यावर काय खाल्लेस? त्याच्या उद्याच्या धावण्याचे उत्तर बहुतेक वेळा या दोन प्रश्नांत सापडते.